फिलाडेल्फियाचं वार्तापत्र : हा रिसेप्टर आणखी काय ओळखतो?

पेशी-उपचारांचं माहेरघर म्हणून हे शहर जगभर ओळखलं जातं, आणि ते रास्तच आहे. ल्युकेमियापुढे डॉक्टरांनी हात टेकलेल्या एका मुलीला 2012मध्ये इथेच सीएआर-टी पेशींनी, म्हणजे कर्करोगावर चाल करायला बदललेल्या प्रतिकारपेशींनी, वाचवलं. पण अमेरिकेची वैद्यकीय संस्कृती समजून घ्यायची तर याच काळातलं एक अपयशही पाहायला हवं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे संशोधक सहभागी असलेल्या चाचण्यांत दोन कर्करुग्णांना नवा रिसेप्टर, म्हणजे लक्ष्य ओळखणारं प्रथिन, बसवलेल्या टी पेशी दिल्या गेल्या आणि काही दिवसांतच हृदय निकामी होऊन दोघेही दगावले. ट्यूमरमधल्या मेज-ए3 प्रथिनाचा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा अधिक घट्ट पकडावा म्हणून तो रिसेप्टर प्रयोगशाळेत बदललेला होता. त्याने हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनाचा तुकडाही पकडला. दोन्ही तुकड्यांत नऊपैकी अवघ्या पाच जागा सारख्या आहेत.

2013मध्ये हे सारं तपशिलासह छापून आलं. मला या देशाचं खरं बळ त्या छापण्यात दिसतं, कारण पुढची चाळणी त्यातूनच घडली. नेहमीच्या चाचण्यांत टायटिनचा धोका दिसला नव्हता. मूळपेशींपासून वाढवलेल्या, बशीत धडधडणाऱ्या हृदयपेशींवर तो दिसला. म्हणजे प्रश्नच बदलायला हवा होता. रिसेप्टर ट्यूमर ओळखतो का, एवढं विचारून भागत नाही. तो आणखी काय काय ओळखतो, हे विचारावं लागतं. त्यासाठी मूळ तुकड्यातली एकेक जागा घेऊन तिथे उरलेली 19 अमिनो आम्लं आलटून पालटून बसवतात. असे 171 तुकडे तपासले की रिसेप्टरला कुठे काय चालतं याचा नमुना हाती येतो. मग तो नमुना माणसाच्या सगळ्या प्रथिनांत शोधायचा आणि जुळणारे तुकडे खऱ्या मानवी पेशींवर पारखायचे.

यावर आक्षेप असा की एकच रिसेप्टर दहा लाखांहून अधिक तुकडे ओळखू शकतो, हे वेल्समधल्या कार्डिफच्या संशोधकांनी 2012मध्ये दाखवलं आहे. मग सगळं तपासून होणार कधी? सगळं तपासायचंच नसतं. माणसाच्या शरीरात खरोखर तयार होणारे तुकडे त्या मानाने फार थोडे आहेत. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: मरणाच्या दारातल्या रुग्णाला थांबायला सांगायचं कसं? पण त्या दोघांचे प्राण हृदयाने घेतले, कर्करोगाने नव्हे. उंदरांवरची परीक्षाही पुरत नाही, कारण प्रथिनांचे तुकडे टी पेशींपुढे धरणारे माणसाचे एचएलए रेणू उंदरात मुळात नसतात.

चाळणीमुळे औषध बोथट होतं, हेही खरं नाही. मेज-ए3वरचा तो रिसेप्टर घडवणाऱ्या कंपनीचाच मेज-ए4 या दुसऱ्या ट्यूमर-प्रथिनावरचा रिसेप्टरही घट्ट पकडीसाठी बदललेलाच होता. पण कसून पारखून तो पुढे आला आणि ऑगस्ट 2024मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने, एफडीएने, सायनोव्हियल सार्कोमा या कर्करोगासाठी त्याला मान्यता दिली. 44 रुग्णांपैकी सुमारे 43 टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. एचएलए रेणूंचा ए*02:05 हा प्रकार असलेल्यांना मात्र तो द्यायचा नाही. प्रयोगशाळेत त्या प्रकारावर रिसेप्टर बिथरला होता. मान्यतेच्या यादीत 02:01, 02:02, 02:03 आणि 02:06 आहेत. भारतात बराच आढळणारा 02:11 त्यात नाही. उद्या हा उपचार मुंबईत आणायचा झाला, तर आपल्या माणसांच्या पेशींवर ही चाळणी पहिल्यापासून लावावी लागेल.