वेदीजवळचा पाहुणा

दरवर्षी जानेवारीच्या १८ ते २५ या तारखांना ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह पाळला जातो, आणि त्या सुमारास एक छायाचित्र हमखास कोठेतरी छापून येते: पुढे वेदी, वेदीवर मेणबत्त्या, कॅथलिक धर्मगुरू आणि त्यांच्या शेजारी तसाच पायघोळ झगा ल्यालेला अँग्लिकन पाळक. त्या छायाचित्रावर बोट ठेवून कोणी तरी सुशिक्षित गृहस्थ मला विचारतात, "आता हे दोघे मिळून मिस्सा करतात, मग भेद तो काय उरला?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, पूर्वी ज्या सौजन्याने मी त्याचे उत्तर देत असे ते आता पुरेनासे झाले आहे.

ते मिळून मिस्सा करीत नाहीत. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेचे ९०८ वे कलम कॅथलिक धर्मगुरूस, पूर्ण ऐक्य नसलेल्या चर्चच्या पाळकांसह सहयाजन करण्याची स्पष्ट मनाई करते. अँग्लिकन पाळक तेथे असतो तो पाहुणा म्हणून. तो स्तोत्रे गातो, प्रार्थनेस 'आमेन' म्हणतो, मानाच्या आसनावर बसतो, परंतु भाकर आणि द्राक्षारस यांवर याजकाचे शब्द उच्चारले जात असता त्याचा हात पुढे होत नाही. १९९३ साली व्हॅटिकनने काढलेल्या ऐक्यविषयक निर्देशिकेत तर मिस्सातील शास्त्रपाठही सामान्यतः कॅथलिकानेच वाचावा, विशेष प्रसंगी बिशपाने परवानगी दिल्यास अन्य पंथीयाने वाचावा, आणि प्रवचन धर्मगुरू वा डीकन यांनीच करावे, इतका बारीक तपशील नमूद आहे. वस्त्रांवरून विधी ओळखण्याची ज्यांना सवय जडली आहे त्यांना हा भेद दिसत नाही, हा काही विधीचा दोष नव्हे.

शिवाय अशी बहुतेक छायाचित्रे मिस्साची नसतातच. १९८२ च्या २९ मे रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि आर्चबिशप रन्सी शेजारी शेजारी गुडघे टेकून बसले ती प्रार्थना होती. २०१७ च्या १३ मार्चला रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात अँग्लिकन पद्धतीने झाली ती सायंप्रार्थना होती. अशा उपासनांत अँग्लिकन बिशपाने प्रवचन केले तरी कोणत्याही कलमाचा भंग होत नाही.

या सगळ्या काटेकोरपणाचे मूळ १८९६ सालात आहे. त्या वर्षी पोप तेरावे लिओ यांनी फर्मान काढून अँग्लिकन दीक्षाविधी सर्वथैव रद्दबातल ठरविला, आणि पुढच्याच वर्षी कँटरबरी व यॉर्क येथील आर्चबिशपांनी त्यास लॅटिनमध्येच खरमरीत उत्तर पाठविले. ते फर्मान आजतागायत मागे घेतलेले नाही. म्हणून कॅथलिक झालेल्या अँग्लिकन व्यक्तीचा बाप्तिस्मा मान्य होतो, पण तो पाळक असल्यास त्यास दीक्षा नव्याने घ्यावी लागते. लंडनचे माजी अँग्लिकन बिशप ग्रॅहम लेनर्ड यांना १९९४ मध्ये सशर्त दीक्षा देण्यात आली, कारण त्यांच्या दीक्षापरंपरेत 'ओल्ड कॅथलिक' या स्वतंत्र पंथाच्या बिशपांचा हात लागलेला होता. अपवाद करतानाही तो कायद्याच्या चौकटीतच कसा बसविला हे त्यातील 'सशर्त' या शब्दावरून कळावे.

"पण पोपने अंगठी दिली होती ना?" दिली होती. १९६६ च्या मार्चमध्ये सहावे पॉल यांनी, मिलानचे आर्चबिशप असताना वापरलेली आपली अंगठी कँटरबरीचे आर्चबिशप रॅम्झी यांच्या बोटात घातली, आणि रॅम्झींचे उत्तराधिकारी रोमला जाताना ती आवर्जून घालतात. त्या अंगठीत स्नेह आहे, आदर आहे, कदाचित आशाही आहे; १८९६ च्या फर्मानाचे निरसन मात्र तीत नाही.

जेथे नियम खरोखर मोडला गेला ते प्रकरण या गृहस्थांच्या कानी क्वचितच आलेले असते. २०२३ च्या १८ एप्रिलला सुमारे ५० अँग्लिकन पाळकांनी आपल्या बिशपासह लॅटरनच्या सेंट जॉन बॅसिलिकात, म्हणजे रोमचा बिशप या नात्याने जे पोपचे स्वतःचे कॅथीड्रल आहे तेथे, मुख्य वेदीवर आपला प्रभुभोजनविधी केला. लागलीच बॅसिलिकाकडून खुलासा निघाला, त्यात खेद व्यक्त झाला, धर्मनियमांचा भंग झाल्याचे मान्य केले गेले आणि ठपका निरोपांच्या गोंधळावर ठेवला गेला. दोघांची वेदी जर एकच झाली असती, तर हा खुलासा कशासाठी?

याच्या उलट टोकास, परपंथीयांसह प्रार्थना करणे हेच पाप मानणारे लोक आहेत. १९१७ च्या संहितेने तशी बंदी घातली होती हे खरे. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ऐक्यविषयक हुकूमनाम्याने अशा प्रार्थनेस उत्तेजन दिले, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत अजून पोचायची आहे.

ख्रिस्तप्रसाद अँग्लिकन माणसास कधीच देता येत नाही, हेही चूक: मृत्यूची छाया किंवा तत्सम निकड, स्वपंथीय पाळकाचा अभाव, स्वतःहून केलेली मागणी आणि त्या संस्काराविषयी कॅथलिक श्रद्धा, इतके असल्यास ८४४ वे कलम वाट ठेवते. कँटरबरीचे आर्चबिशप 'अँग्लिकनांचे पोप' नव्हेत; इंग्लंडबाहेरच्या प्रांतांवर त्यांचा हुकूम चालत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे अँग्लिकन चर्चचे नवे नाव नव्हे. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरास जी सहा चर्चे एकत्र आली त्यांतील एक अँग्लिकन होते. प्रार्थनासप्ताहाची कल्पनाही व्हॅटिकनच्या दप्तरातून निघालेली नाही. १९०८ मध्ये अमेरिकेतील पॉल वॉटसन या अँग्लिकन पाळकाने ती प्रत्यक्षात आणली, आणि दुसऱ्याच वर्षी तो आपल्या संन्यस्त समुदायासह कॅथलिक झाला.

राहता राहिले 'फादर' हे संबोधन. पायघोळ झगा आणि 'फादर' ही हाक एकत्र आढळली की समोरची व्यक्ती कॅथलिक, असा निर्णय आपल्याकडे चटकन दिला जातो. पुण्याचे पंचहौद मिशन अँग्लिकन होते आणि तेथील संन्यस्त पाळकांस लोक 'फादर'च म्हणत. १८९० मध्ये लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे प्रभृतींसमोर जो चहा ठेवण्यात आला, आणि ज्यापायी शंकराचार्यांना चौकशी नेमावी लागली, तो त्याच मिशनचा.