सातबारा आणि घरधनीण

पेरणी, निंदणी, राखण आणि मळणी यांत घरधनिणीचा हात नाही, असे शेत आमच्या पाहण्यात नाही. तथापि बियाण्यासाठी तिच्या अंगावरील डाग गहाण पडतो, आणि जमीन विकण्याची बोलणी होतात तेव्हा तिला चहापुरते बोलाविले जाते. याचे कारण स्वभावात थोडे व कागदात फार आहे.

महसूल कचेरीत आम्ही कारकून असता एक बाई आली. यजमान मृगाच्या तोंडी वारले होते. गट क्रमांक, विहिरीचे पाणी, खडकाळ भाग, सारे तिला मुखोद्गत; परंतु उताऱ्यावर नाव नसल्याने सोसायटी कर्ज देईना. वारसनोंद मंजूर होईतो वाफसा निघून गेला. हे आम्ही घरी हळहळून सांगितले, तेव्हा आमच्या कुटुंबाने शांतपणे विचारले, “अहो, आणि आपल्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेस मुलांबरोबरीने वाटा दिला. पण तो पतीच्या पश्चात. हयातीतच पत्नीस जमीन द्यावी, ही चळवळ शेतकरी संघटनेने श्री. शरद जोशी यांच्या पुढाकाराने ‘लक्ष्मीमुक्ती’ या नावाने चालविली. १९९२ साली शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यास मुभा दिली. असे असूनही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीखातेदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच आढळल्या.

कोणी म्हणतात, “नाव लावले की जमिनीचे तुकडे होतील.” हा गैरसमज होय. सामाईक नाव लागल्याने फाळणी होत नाही. बांध जेथल्या तेथे राहतो. बदलते ते इतकेच की एकट्याच्या सहीने जमीन जात नाही. खरी अडचण वाटते ती येथेच, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करावे.

रीत अवघड नाही. महसूल खात्याकडे अर्ज द्यावा. फेरफार नोंदवहीत नोंद होऊन नोटीस निघते. हरकतीची मुदत सरल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितात. त्यानंतर नवा उतारा काढून नाव स्वतः वाचून पाहावे. अर्ज दिला म्हणजे काम झाले असे समजू नये.

आम्हीही उशिराने का होईना, अर्ज केला. पुढे विंधन विहिरीसाठी जमीन तारण द्यावयाची तेव्हा दोघांच्या सह्या लागल्या. कुटुंबाने सहीपूर्वी हिशेब मागितला. प्रथम आम्हांस ते जड गेले. पण हिशेब मांडता मांडता कर्जाची रक्कम निम्म्यावर आली. तीस वर्षे हा सल्ला घरात असून आम्ही तो विचारला नव्हता. वाचकांनी इतका उशीर करू नये.