उच्च प्राथमिक शाळेतील प्रकल्प : मुदखेड परिसराच्या निमित्ताने

सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावर नांदेडच्या पूर्वेस सुमारे २२ किलोमीटर अंतरावर मुदखेड हे जंक्शन आहे. आदिलाबादकडे जाणारा मार्ग येथूनच फुटतो. तालुक्याचे ठिकाण, नगरपरिषदेचे गाव, भोवताली फुलांचे मळे, केळी, हळद व सोयाबीन यांची शेती, आणि मराठीबरोबरच उर्दू, तेलुगू व बंजारा बोली कानांवर पडणारा बाजार, असा हा परिसर आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकण्यासाठी यापेक्षा अधिक साहित्य कोणत्या शाळेला हवे? परंतु याच वर्गांतील प्रकल्प वह्या उघडून पाहिल्या तर राज्यातील इतर अनेक शाळांप्रमाणे येथेही ताजमहाल, सूर्यमाला आणि राष्ट्रीय पक्षी यांची दुकानातून विकत आणलेली चित्रे चिकटविलेली आढळण्याचा संभव अधिक. चित्रांखालचा मजकूर बहुधा मोठ्या बहिणीच्या अक्षरातील असतो. प्रकल्प 'पूर्ण' होतो, गुण मिळतात, आणि विद्यार्थ्याला मात्र काहीच शोधावे लागत नाही.

ही बाब केवळ शैक्षणिक शिस्तीची नाही. २०१० पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती लागू झाली. तीत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय इत्यादी साधनांद्वारे वर्षभर चालणारे ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित मूल्यमापन, अशी विभागणी करण्यात आली. पाचवी व सहावीसाठी या दोहोंना निम्मे-निम्मे, तर सातवी व आठवीसाठी अनुक्रमे ४० व ६० टक्के भार ठरविण्यात आला. मुलाच्या प्रगतीचा एवढा मोठा हिस्सा ज्या साधनांवर अवलंबून ठेवला, त्यांपैकी एक साधन जर कात्री आणि डिंकापुरतेच उरले, तर प्रगतिपुस्तकातील श्रेणी कशाची, हा प्रश्न शिक्षकांनी व पालकांनीही विचारावयास हवा.

प्रकल्प म्हणजे काय?

ही कल्पना नवी नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये 'प्रकल्प पद्धती' या शीर्षकाचा निबंध लिहिला आणि हा शब्द सर्वत्र रूढ झाला. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीमच्या विचारातही हाताचे काम हे शिक्षणाचे केंद्र मानले होते. त्या योजनेची आखणी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पुढे १९७२ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांतून, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांतून, प्रयोग व परिसर निरीक्षण यांवर आधारलेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. तो तीस वर्षे चालला व २००२ मध्ये बंद करण्यात आला. ग्रामीण शाळेतील मूल साध्या साहित्यानिशी स्वतः प्रयोग करू शकते, हे त्याने दाखवून दिले. तो बंद का पडला हा वेगळा, आणि काहीसा कटू, विषय आहे.

या सर्व प्रयत्नांतील समान सूत्र असे की, प्रकल्पाच्या आरंभी एक खरा प्रश्न असतो. ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात छापलेले आहे, तो प्रश्न प्रकल्पाचा नव्हे. 'पर्जन्यमान म्हणजे काय' हा स्वाध्याय झाला. 'आपल्या शाळेवर आणि शेजारच्या तांड्यावर एकाच दिवशी सारखा पाऊस पडतो काय' हा प्रकल्प झाला. कारण त्याचे उत्तर शिक्षकांनाही आधी ठाऊक नसते.

एका पर्जन्यमापकाची गोष्ट

हाच प्रश्न थोडा विस्ताराने पाहू. सातवी-आठवीच्या वर्गाने पर्जन्यमापक तयार करावयाचा ठरविला, तर सरळ बाजूंचा एक पारदर्शक डबा, एक पट्टी आणि एक वही एवढ्यावर काम भागते. डबा उघड्या जागी, झाडापासून व भिंतीपासून दूर ठेवावयाचा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून पाणी ओतून टाकावयाचे. साडेआठच का? भारतीय हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस याच वेळी नोंदवितो म्हणून. आपली नोंद इतरांच्या नोंदीशी ताडून पाहावयाची असेल तर वेळही तीच हवी, हा शास्त्रीय शिस्तीचा पहिला धडा येथे आपोआप मिळतो.

दुसरा धडा चुकीतून मिळतो. शीतपेयाची बाटली कापून केलेला मापक बहुतेक मुले प्रथम आणतात. तिचा तळ खोलगट असतो, त्यामुळे थोड्या पावसाची नोंद चुकते. कोणी बाटलीवर मोठे नरसाळे बसवितो आणि त्याचा पाऊस इतरांच्या चौपट भरतो. वर्गात वाद होतो. हा वाद शिक्षकांनी लगेच मिटवू नये. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर आणि बाटलीचा ५ सेंटिमीटर असेल, तर व्यास दुप्पट असला तरी क्षेत्रफळ चौपट होते. म्हणून बाटलीत ४० मिलिमीटर पाणी दिसले तरी पाऊस १० मिलिमीटरच झाला. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र ज्या मुलाला पाठ होत नव्हते, त्याला ते येथे समजते, कारण आता त्याचा मापक खरा की मित्राचा, हा प्रश्न असतो.

यापुढची पायरी हिशेबाची. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मुलांनी मोजली आणि ते १०० चौरस मीटर भरले, तर ५० मिलिमीटरच्या एका पावसात त्यावरून ५,००० लिटर पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात हातपंपावर रांग लावणाऱ्या मुलीला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आणि आता पंचायत सदस्यांच्या जिव्हाळ्याचा भाग. आपल्या राज्यात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी मानली जाते आणि पिकांच्या नुकसानीच्या मदतीचा विचार या नोंदीशी निगडित असतो. पूर्वी मंडळाच्या ठिकाणी हाताने मोजला जाणारा पाऊस आता महावेध प्रकल्पातील दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रांवर नोंदविला जातो. तरीही एका मंडळात अनेक गावे असतात आणि मराठवाड्यातील वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळून शेजारच्या शिवाराला कोरडा ठेवतो, हे शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. २०२५ च्या पावसाळ्यात नांदेड जिल्ह्यात अतिवृष्टीने जे नुकसान झाले, त्यानंतर मंडळातील पावसाचा आकडा हा घराघरांतील बोलण्याचा विषय झाला होता. शाळेच्या वहीतील नोंदीला शासकीय मान्यता नसते व ती तशी असूही नये. परंतु चार वस्त्यांवर चार मापके ठेवून जून ते सप्टेंबर नोंद ठेवणाऱ्या वर्गाला एक गोष्ट कळते, ती अशी की, आपल्या आयुष्यावर परिणाम करणारा आकडा कसा तयार होतो, तो कोठे नेमका असतो आणि कोठे अपुरा पडतो. उद्याचा नागरिक म्हणून याहून उपयुक्त धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडणे कठीण.

आठवणींची नोंद

दुसरा प्रकल्प इतिहासाचा, आणि त्याला विलंब परवडणारा नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या पलीकडे गेला आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी मुदखेडपासून जवळच असलेल्या उमरी येथील बँकेवर मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी केलेला हल्ला, निजामी राजवटीतील उर्दू शाळा, पोलीस कारवाईचे दिवस या गोष्टी प्रत्यक्ष पाहिलेली अथवा घरात ताज्या ऐकलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी शाळाशाळांतून भाषणे होतात. मुलांनी पाठ करून म्हटलेल्या त्या भाषणांपेक्षा गावातील एका आजींना विचारलेले पाच प्रश्न अधिक मोलाचे ठरतील.

अर्थात असे प्रश्न विचारण्याची पूर्वतयारी लागते. 'तुम्हांला काय आठवते' असे विचारल्यास 'काय सांगू बाबा, लई हाल होते' एवढेच उत्तर मिळते. तुमची शाळा कोणत्या भाषेत होती, रॉकेल कोठून आणीत, नांदेडला जावयाचे तर कसे जात, अशा नेमक्या प्रश्नांनी आठवणी उघडतात. दोन वृद्धांनी एकच घटना वेगवेगळी सांगितली, तर दोन्ही कथने जशीच्या तशी, सांगणाऱ्याच्या बोलीत लिहून घ्यावीत; शुद्ध मराठी करण्याच्या नादात त्यांतील प्राण जातो. मग जिल्हा गॅझेटियर अथवा छापील इतिहासाशी ताडून पाहावे. येथे शिक्षकांचा विवेक महत्त्वाचा आहे. त्या काळात कारवाईच्या आगेमागे दोन्ही समाजांतील कुटुंबांनी दुःख सोसले आहे आणि त्या कुटुंबांची नातवंडे आज एकाच बाकावर बसतात. हा विषय टाळू नये. मात्र कोणत्या मुलाला कोणाच्या घरी पाठवावयाचे, हे शिक्षकांनीच ठरवावे.

ज्यांना हा विषय अवघड वाटेल त्यांच्यासाठी रेल्वे आहेच. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात हा मार्ग एक मीटर रुंदीचा झाला होता. आजचा ब्रॉडगेज मार्ग १,६७६ मिलिमीटरचा आहे. छोट्या लाईनवरून प्रवास केलेले लोक घरोघरी आहेत. मुदखेड ते नांदेड प्रवासाला तेव्हा किती वेळ लागे व आता किती लागतो, याची माहिती घेऊन वेगाचे गणित सहावीचा विद्यार्थीही करील. फुलशेतीचा प्रकल्प याच धर्तीवर करता येईल: मळ्यातील दर, नांदेडच्या बाजारातील दर, दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा झेंडू आणि नंतरच्या दिवशीचा झेंडू. नफा-तोट्याची उदाहरणे पुस्तकात शोधावी लागणार नाहीत.

अडचणी आणि वाटा

हे सर्व कागदावर सोपे दिसते. शिक्षण हक्क कायद्यान्वये उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एक-एक शिक्षक असणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात लहान गावांतील शिक्षकांना अनेकदा दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात, शिवाय नोंदी व ऑनलाइन माहिती भरण्याचे काम असते. अशा शिक्षकाकडून प्रत्येक विषयात प्रत्येक मुलाचा स्वतंत्र प्रकल्प मागणे म्हणजे दुकानातील चित्रांना निमंत्रण देणेच होय. आमच्या मते, सत्राला वर्गाचा एकच सामुदायिक प्रकल्प घ्यावा आणि त्याच्या नोंदी विज्ञान, गणित, भूगोल व भाषा या चारही विषयांसाठी ग्राह्य धराव्यात. पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी वह्यांची संख्या न मोजता एखाद्या मुलाला 'हा आकडा तुला कसा मिळाला' एवढे विचारले, तरी प्रकल्पाची पारख होते.

ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलांचा विचार वेगळा करावा लागेल. त्यांचा प्रकल्प जून ते सप्टेंबर या काळात पूर्ण होईल असाच असावा. आणि म्हणूनही पावसाचा विषय सोयीचा. घरी बंजारा किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाने निरीक्षण प्रथम आपल्या भाषेत सांगितले व मग गटाने मिळून ते मराठीत लिहिले, तर त्याच्या श्रेणीतून काही वजा करण्याचे कारण नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभर सदस्य पालक असतात आणि निम्मे स्थान महिलांना असते. वर्गाचा प्रकल्प या समितीच्या बैठकीत मुलांनीच मांडावा. ग्रामपंचायतीकडून पाण्याच्या टाकीत क्लोरीनचे प्रमाण कसे तपासतात हे जलसुरक्षकाने वर्गाला दाखविणे, मंडळ अधिकाऱ्यांनी पावसाच्या नोंदीची वही समजावून सांगणे, यांसाठी निधीची तरतूद लागत नाही. तास-दोन तासांचा वेळ लागतो.

एक व्यावहारिक प्रश्न शिक्षक नेहमी विचारतात: रविवारी आणि पोळा-गणपतीच्या सुट्टीत साडेआठला मापक कोण पाहणार? शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांची पाळी लावावी, आणि ज्या दिवशी कोणीच गेले नाही त्या दिवसाच्या रकान्यात अंदाजाने आकडा न भरता 'नोंद नाही' असे लिहावे. दुसऱ्या दिवशी मोजलेले पाणी दोन दिवसांचे म्हणून दाखवावे. मापके मात्र शाळा उघडण्यापूर्वीच, मृगाच्या पहिल्या सरीआधी बसविलेली असावीत.