शिवणक्लासातली मस्टँग

शिवणक्लास केलेल्या प्रत्येकीच्या कपाटात एक वही हमखास असते. कव्हर फाटलेलं, पानं फुगलेली. आत ब्राऊन पेपरचे इवले इवले ब्लाऊज, फ्रॉक, झबली चिकटवलेली. शेजारी लिहिलेलं असतं 'छाती ३२ इंच', पण कागद मात्र तळहातावर मावतो. कारण ती पाव मापाची टेलरिंगची पट्टी. खऱ्या पट्टीवरचा पाव इंच म्हणजे तिच्यावरचा एक इंच. गळा, मुंढा, टक्स सगळं त्याच हिशेबानं लहान करायचं. एक जरी माप हिशेबाबाहेर गेलं तरी बाई वही परत करायच्या. मैत्रिणींनो, ठरावीक प्रमाणात वस्तू लहान करण्याच्या या कामाला बाहेरच्या जगात 'स्केल' म्हणतात आणि त्यावर एक मोठा छंद उभा आहे. तो म्हणजे स्केल मॉडेलिंग.

हे आठवायचं कारण एक मोटार. लांबी १९.४ सेंटिमीटर, रुंदी साडेसात, उंची साडेपाच. गडद निळा रंग, बॉनेटवरून मागच्या डिकीपर्यंत दोन पांढरे पट्टे. नंबरप्लेटवर आपल्या जालन्याचं एमएच २१. गाडी आहे १९६८ सालची अमेरिकन फोर्ड मस्टँग आणि ती बनवली आहे आमच्या शिवणवर्गातल्या दहावी झालेल्या एका मुलीनं.

आधी या गाडीविषयी थोडं सांगते. मलाही हे सगळं नवीनच होतं. १९६४ साली अमेरिकेत पाँटिअ‍ॅक कंपनीनं मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं दांडगं इंजिन बसवून 'जीटीओ' नावाची गाडी काढली. साध्या घरात पैलवान आणून बसवावा तसा प्रकार! त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डनं मस्टँग दाखवली आणि पहिल्याच दिवशी बावीस हजार गाड्यांची नोंदणी झाली. जाणकार मंडळी मस्टँगला 'पोनी कार' म्हणतात, पण मोठं इंजिन घातलेली मस्टँग 'मसल कार'च्या पंगतीतच बसते. मसल कार म्हणजे दंडात बेटकुळी असलेली गाडी. तुलनेसाठी आपली प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचं इंजिन जेमतेम १.१ लिटरचं, ताकद चाळीसेक घोड्यांची. १९६८च्या मस्टँगमध्ये ६.४ लिटरचं इंजिन मिळायचं, सव्वातीनशे घोड्यांचं. पुढं विम्याचे हप्ते वाढले, प्रदूषणाचे कायदे आले, १९७३ साली तेलाचं संकट आलं आणि या पैलवान गाड्यांचा जमाना सरला. पण त्यांचं वेड गेलं नाही. ज्यांना खरी गाडी परवडत नाही ते तिची छोटी प्रतिकृती बनवतात.

यात 'कस्टम' नावाचा प्रकार असतो. म्हणजे कंपनीची गाडी जशीच्या तशी न करता आपल्या मनासारखे बदल करून करायची. एएमटी या अमेरिकन कंपनीनं १९५८ साली 'थ्री इन वन' किट काढले. एकाच खोक्यातल्या भागांतून साधी गाडी करा, शर्यतीची करा, नाहीतर आपल्या आवडीची सजवून करा. आपण रेडिमेड ड्रेस आणतो, बाह्या काढतो, गळ्याला लेस लावतो, तसंच.

आमच्या मुलीकडं किट नव्हतं. बाहेरून येणारे किट हजारांच्या घरात जातात. तिच्याकडं होतं वडिलांच्या गॅरेजातलं एक जुनं कॅलेंडर, त्यावर ही गाडी. वडील जुन्या जालन्यात डेंटिंग-पेंटिंगचं काम करतात. आई आमच्या बचत गटात आहे, घरी पिको-फॉल करते. एक दिवस ती माझ्याकडं तक्रार घेऊनच आली. "ताई, तुम्हीच समजवा तिला. पार्लरचा कोर्स लावून देते म्हणलं तर नको म्हणते. दिवसभर पुठ्ठे कापत गाड्याच करायलीय. पोरीच्या जातीला काय कामाचं हे?"

समजवायला म्हणून गेले आणि तासभर बघतच बसले. तिनं क्लासची वही उघडली होती. डाव्या पानावर खरी मापं, उजव्या पानावर चोविसावा हिस्सा. चोवीसच का, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "काकू, एक फूट म्हणजे अर्धा इंच. शिवणाच्या टेपवर सोपं पडतं." बरोबर आहे! मॉडेलच्या जगात १:२४ हे प्रमाण चालतं ते याच इंच-फुटाच्या हिशेबानं. बाहुल्यांच्या घरांना १:१२ चालतं, म्हणजे फुटाला एक इंच.

मी आर्ट्सची, त्यामुळं आकडे दिसले की दबकते. पण हे गणित बघताना मजा वाटली. खरी गाडी ४.६६ मीटर लांब, भागिले २४ म्हणजे १९.४ सेंटिमीटर. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.७४ मीटर, त्याचं ११.४ सेंटिमीटर. चाकाचा व्यास सहासष्ट सेंटिमीटर धरला तर पावणेतीन, म्हणजे जवळपास पाण्याच्या बाटलीच्या झाकणाएवढं. समोरचा दिवा सात इंची, तो होतो साडेसात मिलिमीटर. कपाळावरच्या मध्यम टिकलीएवढा! स्टिअरिंग जोडव्याएवढं. इंजिनातली स्पार्क प्लगची वायर सात-आठ मिलिमीटर जाडीची असते, तिचा चोविसावा हिस्सा काढला तर शिवणाचा जाड दोरा येतो. आठ सिलिंडरचं इंजिन, म्हणून आठ दोरे. तिनं ते मोजून लावले होते, एका मण्यापासून आठ दिशांना. इंजिनावरचं ते गोल झाकण म्हणजे कोटाचं बटण. बाहेरचा चकचकीत बंपर गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा. काचा शर्टाच्या खोक्याच्या. दाराच्या मुठी ब्लाऊजच्या हुकाच्या. आपल्याच शिवणाच्या डब्यातला माल, पण प्रत्येक वस्तू मापून निवडलेली.

सगळं पहिल्या फटक्यात जमलं असं नाही. बॉनेट आधी थर्माकोलचं केलं होतं. त्यावर स्प्रे मारला तर ते फसफसून विरघळलं. मग सनबोर्ड आणला. त्याला गोलाई येईना, म्हणून वर लांबी भरली आणि पॉलिश पेपरनं घासली. आधी जाड पेपर, मग बारीक, शेवटी पाणी लावून अगदी मऊ पेपर. सीटला खणाचं कापड लावलं होतं. दिसायला सुंदर, पण बसेना. का बसेना ते तिनंच शोधलं. खणावरची बुट्टी अर्ध्या इंचाची, म्हणजे खऱ्या गाडीत ती एक फुटाची झाली असती! कापडाची वीणसुद्धा चोवीसपट जाड दिसते. शेवटी अस्तराचं बारीक काळं सॅटीन लावलं आणि सीट गाडीची वाटायला लागली.

तिचं कस्टम काय, तर स्टिअरिंग उजवीकडं. मूळ गाडी डावीकडं चालवायची. "आपल्या रोडवर चालवायची तर उजवीकडंच पाहिजे ना काकू," ती म्हणाली. मग डॅशबोर्ड सगळा आरशात बघावा तसा उलटा करून पुन्हा कापला. चाकं मागं थोडी रुंद, पुढं बारीक. नंबर जालन्याचा.

रंग मात्र अडला. ब्रशनं दिला की ओघळ येत. दोन वेळा घासून काढला. तेव्हा वडील, जे इतके दिवस न बघितल्यासारखं करत होते, ते पुढं आले. म्हणाले, "गाडी बारीक झाली, पण रंगाचा थर बारीक होत नसतो. जाड मारला की दाराच्या फटी बुजतात." आधी प्रायमर, मग थिनर जास्त घालून पातळ केलेला रंग, दोन हातांमध्ये वाळायला पुरेसा वेळ. स्प्रेगन त्यांनी तिच्या हातात दिली आणि स्वतः मागं उभे राहिले. पट्ट्यांसाठी मास्किंग टेप कसा लावायचा आणि रंग कोवळा असतानाच तो कसा सोडवायचा तेही दाखवलं. गॅरेजात पोरीनं येऊ नये हा नियम त्यांचाच होता.

हा नियम काही एका घराचा नाही बरं का. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या 'फिशर बॉडी' विभागानं १९३० ते १९६८ अशी जवळजवळ चार दशकं मॉडेल बनवण्याची मोठी स्पर्धा चालवली. सुरुवातीला घोड्याच्या बग्गीची प्रतिकृती करायची असे, पुढं आपल्या कल्पनेतली मोटार. जिंकणाऱ्याला शिक्षणासाठी शिष्यवृत्ती. १९४७ साली जिंकलेला चक जॉर्डन पुढं जनरल मोटर्सचा डिझाईनप्रमुख झाला. म्हणजे पोरखेळ वाटणाऱ्या या कामातून थेट करिअरची दारं उघडत होती. पण ती फक्त मुलांसाठी. मुलींना स्पर्धेत प्रवेशच नव्हता.

दुसरं उदाहरण बघा. रूथ हँडलर या बाईनं नवऱ्याच्या साथीनं मॅटेल कंपनी वाढवली. १९५९ साली तिची बार्बी बाहुली आली, १९६८ साली त्याच कंपनीच्या 'हॉट व्हील्स' गाड्या आल्या. कंपनी एक, पण दुकानात कप्पे दोन. बाहुली मुलीची, गाडी मुलाची. हेच आपण जत्रेतल्या खेळण्यांपासून करत आलो आहोत. पोळ्याचे मातीचे बैल, ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी, दिवाळीचा किल्ला, सगळं पोरांनी करायचं. पोरींनी किल्ल्यापुढं रांगोळी काढायची.

मोठ्या कंपन्यांत आजही नवी गाडी आधी मातीत घडते. एका खास प्रकारच्या मातीचं छोटं मॉडेल, मग पूर्ण आकाराचं. हातानं चाचपून, खरवडून गोलाई ठरवतात. आपल्याकडंही या कामात बाई शिरली आहे. रामकृपा अनंतन या बिट्स पिलानीच्या मेकॅनिकल इंजिनीअर. आयआयटी मुंबईच्या डिझाईन विभागात त्या शिकल्या आणि महिंद्रात रुजू झाल्या. २०११ साली आलेल्या एक्सयूव्ही ५००च्या डिझाईनचं नेतृत्व त्यांनी केलं. पुण्यात टाटा मोटर्सनं हॅरियर आणि सफारी गाड्या जोडण्याची एक लाईन महिलांच्या हाती सोपवली आहे. आणि आपल्या जालन्याहून संभाजीनगरला जाताना वाटेत शेंद्रा लागतं, तिथं २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला. बसच्या खिडकीतून आपण तो कितीदा बघितला असेल! पण तिथं आपली लेक कामाला जाईल असं किती आयांच्या मनात आलं?

छंद म्हणून बघितलं तरी हे काम लहान नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. आगगाड्या, स्टेशनं, सिग्नल असं अख्खं गाव एका दालनात. मुलांना पुण्याला नेलं तर सारसबागेबरोबर हेही जरूर दाखवा. मुलींना आधी दाखवा!

तर सांगायचा मुद्दा असा की, आपल्या हातात जे कसब आहे ते आपणच 'घरकाम' म्हणून कोपऱ्यात टाकलं. माप घेणं, ते लहान-मोठं करणं, सपाट कापडातून गोल खांदा उभा करणं, चुकलं तर उसवून पुन्हा जोडणं. कारखान्यात याच गोष्टींचा पगार मिळतो. त्या आईला मी समजवायला गेले होते खरी, पण शेवटी तिच्याचपुढं वही धरली. "ही तुमचीच विद्या आहे. तुम्ही ब्लाऊज बेतता, तिनं गाडी बेतली." ती काही बोलली नाही. गाडी उचलून तिनं उलटी केली, खालून बघितली आणि एवढंच म्हणाली, "शिलाई सरळ आलीय." सीटच्या कडेची शिलाई होती ती.

आयटीआयच्या फॉर्मवर मुलीनं पहिली पसंती मोटर मेकॅनिकच्या कोर्सला दिली आहे. वडिलांनी सही केली. आईचं मन अजून खालीवर होतंय. वर्गात सगळी पोरंच असतील, पुढं स्थळं बघताना काय सांगायचं, जाण्या-येण्याचं काय. तिच्या या काळज्या खोट्या नाहीत आणि त्या एका गाडीनं मिटणाऱ्याही नाहीत. म्हणून आमच्या गटातल्या चौघीजणींनी ठरवलंय, प्रवेश झाला की पहिले काही दिवस आळीपाळीनं तिच्यासोबत जायचं.

आणि तुमच्या घरी सुट्टीत करायचं असेल तर खर्च फार नाही. सनबोर्डचा एक तुकडा, थोडी लांबी, फेव्हिकॉल, तीन नंबरांचे पॉलिश पेपर, एक धारदार कटर आणि शिवणाचा डबा. कटर वापरताना मोठं माणूस जवळ हवं, स्प्रे मारताना तोंडाला रुमाल आणि मोकळी हवा हवी. मस्टँगच पाहिजे असं नाही. अ‍ॅम्बेसिडर करा, एसटीचा लाल डबा करा, घरासमोरचा ट्रॅक्टर करा. आधी खरी वस्तू टेपनं मापा, मग वहीत चोविसावा हिस्सा काढा. टेप लेकीच्या हातात द्या आणि दुसरं टोक तुम्ही धरा.