भोक, गाठ आणि फसलेले चिरे

भनपुरी ही रायपूरच्या उत्तरेची कारखान्यांची वस्ती. तिथल्या एखाद्या बाळाच्या कानापुढे बारीक भोक दिसलं, तर दाखवायला मोठी जागा नव्हती असं नाही. रायपूरचं मेडिकल कॉलेज 1963 चं. त्याचं आंबेडकर रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘मेकाहारा’. 2012 मध्ये एम्सही आलं. पण दुखत नसलेलं भोक कोण दाखवतो? त्यात पू झाला की मग धावपळ. आणि ते गळू समजून चिरा दिला, तर आतली नळी तशीच राहते, सूज पुन्हा येते.

खरं तर अशा भोकांचा उगम फार पूर्वी कळला होता. 1825 मध्ये राथ्के यांनी डुकराच्या गर्भात माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा पाहिल्या. 1832 मध्ये आशरसन यांनी मानेवरच्या जन्मजात भोकांचा संबंध त्यांच्याशी जोडला. कानापुढचं भोक वेगळं; कानाची पाळी घडवणारे सहा उंचवटे नीट न जुळल्याने ते राहतं, असं मानतात. मानेच्या मधोमध असलेली, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ गर्भात थायरॉइड ग्रंथीच्या खाली उतरण्याच्या वाटेवरची. 1920 मध्ये सिस्ट्रंक यांनी तिच्यासोबत हायॉइड हाडाचा मधला भागही काढायला सांगितलं, तेव्हा गाठ पुन्हा होणं बरंच कमी झालं. आज शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी करतात, कारण क्वचित त्या गाठीतच मुलाचं सगळं थायरॉइड असतं.

माझ्या मते मोठा बदल यंत्रांचा नाही, कान आणि मान एकत्र पाहण्याचा आहे. कानापुढे भोक, मानेवर भोक आणि कमी ऐकू येणं, हे तिन्ही एका घरात पिढ्यान्‌पिढ्या दिसलं तर मूत्रपिंडंही तपासावी लागतात. 1975 मध्ये मेल्निक यांनी हा मेळ मांडला. 1997 मध्ये त्यामागचं ‘ईवायए1’ जनुक सापडलं. कानापुढे नुसतं एकटं भोक असेल, तर मूत्रपिंडांच्या सोनोग्राफीची घाई मला अनाठायी वाटते. श्रवणचाचणी मात्र करावीच.

2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. छत्तीसगडमध्ये त्याला ‘चिरायू’ म्हणतात. त्याची पथकं अंगणवाडी-शाळांत मुलं तपासतात, जन्मजात बहिरेपणाही त्यांच्या यादीत आहे. कानाची पाळीच नसलेलं मूल तिथे लगेच ओळखू येतं. मानेच्या खालच्या भागातलं ओलसर, टिपक्याएवढं भोक दिसायला मात्र सदऱ्याची कॉलर खाली करावी लागते.