कुंपणावरची रुई

आमच्या आदिलाबादकडे रुई पडीक रानात आपसूक उगवते. तेलुगू शेजारी तिला जिल्लेडू म्हणतात. शनिवारी मारुतीच्या माळेपुरती तिची आठवण व्हावी, एरवी ती उपटायचीच! शाळेच्या कुंपणाची रुई मीही एकदा मुलांकडून उपटविली, आणि बिबळ्या कडवा हे केशरी फुलपाखरू आवारातून दिसेनासे झाले. त्याची मादी रुईच्या पानांवर एकेक सुटे अंडे घालते. पट्टेदार अळी त्या पानांतले विष अंगी साठविते, म्हणून पक्षी तिच्या वाटेस जात नाहीत. कडवा हे नाव शोभते खरे. बागेतले हळदकुंकूही तिला चालते, परंतु ते मूळचे अमेरिकेचे. रुई उन्हाच्या कोपऱ्यात लावावी, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, पाने कुरतडलेली दिसली तरी औषध फवारू नये. यंदा दोन झुडपे राखली आहेत. परवा एका पानाखाली खसखशीएवढे पांढरे अंडे दिसले.