आधी काठी, मग फोन

भरतीची वेळ फोनवर आधी बघायची नाही, असा ठाण्यातल्या बाळकुममधल्या एका मराठी शाळेत भूगोलाच्या बाईंचा सातवीच्या मुलांना दंडक आहे. हे कानावर आलं आणि मला राहवलं नाही. जिकडेतिकडे डिजिटल वर्गांची उद्घाटनं होत असताना या बाई फोनला मागच्या बाकावर का बसवतात, ते बघायला मी गेले.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. बाळकुमच्या मुलांना त्यासाठी लांब जायला नको. कशेळीच्या बाजूची उल्हासची खाडी गावाला लागूनच आहे, फक्त पाणी दिसायला आता टॉवरच्या कुंपणांना वळसा घालावा लागतो. बाई, शिपाईमामा, दोन पालक आणि मुलं विसर्जन घाटावर पोचली. बांबूवर दर दहा सेंटिमीटरला ऑइलपेंटचा पट्टा मारलेला होता. मामांनी तो खालच्या पायरीशी सुतळीने घट्ट बांधला. दर दहा मिनिटांनी एकाने आकडा वाचायचा, एकीने वहीत लिहायचा, तिसऱ्याने बाईंच्या फोनवर बांबूचा फोटो काढायचा.

खाडीला वास होता. चिखल, तिवरं आणि कुठून तरी सुटलेलं सांडपाणी यांचा मिळून. मी नाकाला पदर लावला, पोरांना त्याचं काहीच नव्हतं.

पाणी चढायला लागलं तशी एका मुलाने माहिती दिली. त्याच्या आजोबांना घड्याळ लागत नाही. ते तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्या दिवशी द्वितीया होती, म्हणून दीड. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा हा हिशेब जुना आणि पक्का आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही तेवढीच रोज पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे त्याच्या अगदी जवळचा आकडा. पंचांग आणि पाऊणकीचा पाढा, एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या होड्या पाण्यात गेल्या. बाईंनी फळ्यावर लिहावं तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं : ‘आजोबांचा अंदाज – १.३०’.

दीड वाजला. पाणी चढतच होतं.

मग एक रेतीची बोट गेली आणि लाटा पायऱ्यांवर आपटल्या. वही सांभाळणाऱ्या मुलीने एक चौकोन कोरा सोडला. शेजारचा म्हणाला, ‘‘आधीचा नि नंतरचा बघ, मधला लिहून टाक.’’ ती म्हणाली, ‘‘मला दिसला नाही ना पण.’’ फोटो बघितला, तर त्यातही पट्ट्यावर फेसच. चौकोन कोराच राहिला. बाईंनी तिला शाबासकी दिली नाही की समजूतही घातली नाही, फक्त ‘‘का कोरा, ते बाजूला लिही,’’ एवढंच म्हणाल्या. तिने लिहिलं : ‘बोट गेली’. मला त्या दिवशीचं बाकी काही विसरायला होईल, हे दोन शब्द नाही.

पाणी थांबलं ते दोन वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास. तेव्हा कुठे फोनवर भरतीची वेळ बघायची परवानगी मिळाली. फोन म्हणाला, एक वीस.

गलका झाला. फोन चुकला, काठी चुकली, आजोबा चुकले. आजोबांचा नातू रडवेला झाला होता. एकाने आपले आकडे तासभर मागे घ्यायची तयारीही दाखवली, कारण ‘नेटवर बरोबर असतं’. हीच ती जागा, जिथे फोन आधी बघितला असता तर काहीच घडलं नसतं. मुलांनी एक वीस लिहिलं असतं आणि बांबूकडे शोभेची वस्तू म्हणून बघितलं असतं.

बाईंनी ॲप मोठं करून दाखवलं. वर ‘ठाणे’ लिहिलेलं, खाली बारीक अक्षरात मात्र मुंबई. मुंबईचे छापील तक्ते अपोलो बंदराचे असतात. तिथलं पाणी आणि कशेळीपाशी खाडी चढून आलेलं पाणी एकाच घटकेला कसं पोचेल? मग नातवाला विचारलं, ‘‘आजोबा मासेमारीला कुठे जायचे रे?’’ ‘‘वसईच्या अंगाला, पार तोंडाशी.’’ म्हणजे त्यांची पाऊणकी समुद्राच्या तोंडाशी जुळत होती. पोरगा एकदम ताठ झाला.

शाळेत परतल्यावर आकडे लॅपटॉपवर भरले आणि आलेख टीव्हीवर उमटला. त्यात कोऱ्या चौकोनाच्या जागी रेघ तुटलेली होती. सॉफ्टवेअरला ती सांधता येते, बाईंनी सांधू दिली नाही.

शिक्षकांच्या खोलीत एका सरांनी स्पष्टच सांगितलं, की याच धड्याचा व्हिडिओ सहा मिनिटांत संपतो. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. परीक्षा, सर्वेक्षणं, ऑनलाइन भरायची माहिती यांतून सहा मिनिटं काढणंही त्यांना जड जातं. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोडही उपयोगाचे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते वर्गात आणले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते काही उगीच नाही. पण सहा मिनिटांच्या व्हिडिओत बोट जात नाही. मुलाला उत्तर मिळतं, उत्तरावर हटकून शंका घ्यायची संधी मिळत नाही, आणि माझ्या मते शाळेने द्यायची ती हीच गोष्ट आहे.

ठाण्याला हे नवं नाही. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुलं आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन प्रकल्प करतात, आणि इथल्या जिज्ञासा ट्रस्टने त्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं आहे. अडचण एवढीच की असे प्रकल्प बहुतेक ठिकाणी निवडक हुशार मुलांच्या वाट्याला येतात. बाळकुमच्या त्या वर्गात सगळी सातवी घाटावर होती, नापासाच्या काठावरची मुलंसुद्धा. आजोबांचा नातू त्यांतलाच.

पुढच्या खेपांना घेतलेल्या नोंदींत उशीर कधी पाऊण तासाचा निघाला, कधी सव्वा तासाचा. उधाणाला एक, भांगाला दुसरा. आलेखात आणखी एक गोष्ट त्या वहीवाल्या मुलीला दिसली : पाणी चढतं भराभर, उतरायला मात्र जास्त वेळ घेतं. उथळ, निमुळत्या खाड्यांत असं होतं. बाईंनी कारण सांगितलं नाही, प्रश्न वहीत उतरवून घेतला.

त्याच्याखाली नातवाने आपला प्रश्न जोडला आहे. पावसात उल्हास दुथडी भरून येते, तेव्हा भरती आणखी उशिरा येईल का? ते बघायचं तर जुलैत घाटावर जायला हवं आणि तोवर ही मुलं आठवीत गेलेली असतील. आठवीच्या वर्गशिक्षकांशी बाईंचं बोलणं चालू आहे. पावसाळ्यात मुलांना पाण्याजवळ न्यायला मुख्याध्यापक तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून सध्या घाटाच्या वरच्या रस्त्यावरून आकडा वाचता येईल असे जाड पट्टे रंगवायचं घाटत आहे.